कट्ट वाजली पाहिजे

वलवणच्या कोंडाजीला जगातल्या बहुतेक गोष्टी फालतू वाटत. लोणावळ्यात चिक्कीच्या भट्टीवर चाळीस वर्षं गुळाचा पाक काढलेला माणूस तो. पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा, बोटानं मोडायचा आणि कट्ट वाजला की कढई उतरवायचा. मऊ ते कच्चं, वाजेल ते पक्कं, एवढंच त्याचं शास्त्र, आणि ते त्यानं गुळापासून जावयापर्यंत सगळ्यांना लावलं. रविवारी बाजारात चॉकलेट फजच्या मऊ वड्यांसाठी रांग लावलेली पुण्या-मुंबईची मंडळी दिसली की तो तोंड फिरवायचा. "मेण चघळायला एवढ्या लांब येत्यात, येडी कुटली!"

त्याच कोंडाजीवर चॉकलेटची बिस्किटं भाजायची पाळी आली. बायकोचे, म्हणजे धोंडाबाईचे, उरलेसुरले दात डॉक्टरनं काढले होते. कवळी यायला अजून महिना होता. पंधरा दिवस ती नुसत्या पेजेवर होती आणि आता पेजेची वाटीसुद्धा परत सारत होती. गळ्याची हाडं वर आली होती. कोंडाजीनं दटावलं, ओरडून पाहिलं. शेवटी ती म्हणाली, "माधवीनं दिवाळीत चाकलेटची बिस्किटं केलती न्हवं, तसलं एखादं खाईन."

सून माधवी कंपनीत निघाली होती. संध्याकाळी येऊन करते म्हणाली. पण तोवर थांबेल तर तो कोंडाजी कसला! मग तिनं सगळं सामान काढून दिलं आणि चपला घालता घालता सांगितलं, "कुकरच्या तळाला मीठ पसरा, वर ताटली ठेवा. पंधरा मिनिटांत काढा, आबा. हाताला मऊ लागतील, तरी काढा. गार झाली की धरतात."

"मिठात शेंगदाणं भाजत्यात. आन् तू मला भट्टी शिकवू नगंस."

लोणी-साखर फेटून त्यानं मैदा कालवला, नाक मुरडत कोको टाकला. चुलीतली राख बरी, असं मनाशी म्हणाला. पंधरा मिनिटांनी झाकण काढून एका बिस्किटावर बोट दाबलं, तर ते आत गेलं.

"म्हनं काढा! ह्यो तर चिखल हाय."

झाकण पुन्हा बसलं. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मग एक बिस्कीट उचलून त्यानं ओट्यावर आपटलं. कट्ट! कोंडाजीची छाती फुगली.

धोंडाबाईनं बिस्कीट हिरड्यांत धरलं, इकडून दाबलं, तिकडून दाबलं आणि तसंच ताटलीत टाकलं. ते ठणकन वाजलं.

"चिक्कीच केलीत की," ती म्हणाली.

"मग? चिक्कीला काय धाड भरली? चाळीस वर्षं रोज पुडी आणली तुला!"

"आणलीत. आन् चाळीस वर्षं मी ती शेजारच्या नथूच्या पोरांना वाटली, मग त्याच्या नातवंडांना. लगीन झालं त्या वर्षीच दाढ किडली माझी. तुमी यायचा, पुडी टाकायचा आन् हातपाय धुवायला जायचा. मला आवडती का, चावती का, कदी इचारलंत?"

कोंडाजीला ते जिव्हारी लागलं. वा रे पारखी! थेंबावरून पाक ओळखणार, आणि घरातल्या बाईची दुखरी दाढ कळायला चाळीस वर्षंही पुरली नाहीत. फजच्या रांगेतली ती येडी माणसं निदान आपल्या माणसाला काय हवं ते विचारून तरी नेत होती. धोंडाबाई भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. पाठीचे मणके पातळातून दिसत होते, आणि कोंडाजी खरोखर घाबरला.

तो परत ओट्याशी गेला. दुसरा घाणा लावला, घड्याळ समोर ठेवलं. पंधरा मिनिटांनी झाकण काढलं. बोट पुन्हा आत गेलं. कुकर परत झाकायला हात शिवशिवत होता, तोंडात शिव्या होत्या, तरी त्यानं गॅस बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कच्चा माल भट्टीवरून उतरवला होता.

बिस्किटं गार झाल्यावर धोंडाबाईनं तुकडा टाळूला दाबला. तो विरघळला. तिनं दुसरा घेतला, मग आख्खं बिस्कीट घेतलं. कोंडाजी उंबऱ्यावर उकिडवा बसून बघत होता.

"आवडलं का गं?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

तिनं बोटाचं चॉकलेट चाटलं. "एवढं इचारायला माझं सगळं दात पडायची वाट बघितलीत व्हय?" म्हणाली, आणि आणखी एका बिस्किटासाठी हात पुढं केला.