काळ्या खडकावरचं शास्त्र

कुणालाही काहीही न विचारता सगळं जाणून घ्यायला निघालेला माणूस मी जगात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणत असू. अलिबागची चांगली चालती मास्तरकी सोडून ते आगरदांड्याला येऊन राहिले ते एका ग्रंथापायी. कोळीवाड्यातली माणसं जे करतात ते का करतात, एवढंच त्यांना लिहायचं होतं. पण "विचारलं की माणूस खरं सांगत नाही, आपल्याला बरं वाटेल ते सांगतो," हा त्यांचा सिद्धान्त. म्हणून प्रश्न बंद. नुसतं पाहायचं आणि वहीत उतरवायचं. वहीत दोन रकाने होते, 'पाहिलं' आणि 'कारण'. पहिला ओसंडून वाहायचा, दुसऱ्यात अक्षर नसायचं. घरातही हाच खाक्या. आमटी अळणी झाली तरी मीठ मागायचे नाहीत. मावशी बरणीकडे आपणहून कधी वळते हे पाहत बसायचे आणि तोवर आमटी गार व्हायची. मावशी म्हणायची, "ग्रंथ पुरा झाला की मला वाचून दाखवा. आपलं लग्न का झालं ते तरी कळेल."

रोज सकाळी छत्री, वही आणि शेंगदाण्यांची पुडी घेऊन ते किनाऱ्यावरच्या एका काळ्या खडकावर बसत. तिसऱ्या वर्षी त्यांना घबाड सापडलं. होड्या लोटण्याआधी सगळे कोळी क्षणभर त्या खडकाकडे पाहतात. इथे एखादं जुनं दैवत असेल, कुणी बुडालेला पूर्वज असेल, अशा तर्कांनी काकांनी अर्धी वही भरली. मी तेव्हा कॉलेजच्या सुट्टीत त्यांच्याकडे होतो. मला म्हणाले, "हे एवढं कारण सापडू दे, ग्रंथ झालाच समज." इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

त्याच खुशीत ते मावशीला घेऊन दोन दिवस हरिहरेश्वरला गेले. परतले तेव्हा सगळ्या होड्या किनाऱ्यावरच. जाळं विणत बसलेली एक म्हातारी कोळीण त्यांच्यावर रागावली. "मास्तर, सांगून तरी जायाचं. तुमी खडकावर हाय का न्हाय ते बघून आमची मानसं होरी लोटतान. तुमी बसाया लागल्यापासून एक होरी बुडाली न्हाय."

काका वाळूतच बसले. ज्या रिवाजाचं मूळ ते शोधत होते ते मूळ ते स्वतःच निघाले. आपण बाहेरून पाहतोय असं त्यांना वाटत होतं, आणि गावाने त्यांना केव्हाच आपल्या शकुनांत घालून टाकलं होतं. ग्रंथ तिथेच बुडाला. "आता अलिबागला परत चला," मी म्हटलं. "आणि होड्या?" ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते वही घरी ठेवून खडकावर जाऊ लागले. अंगात ताप असला तरी घोंगडी पांघरून जायचे. शेवटपर्यंत त्यांचा नेम चुकला नाही.

ते गेले तेव्हा तेरा दिवस एकही होडी समुद्रात गेली नाही. चौदाव्या दिवशी सकाळी मी त्यांची वही घेऊन किनाऱ्यावर गेलो. कोळ्यांनी होड्यांना हात लावला, थांबले, रिकाम्या खडकाकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं आणि मगच होड्या लोटल्या. काका हवे होते, असं मला फार वाटलं. 'पाहिलं'खाली मी ते लिहून ठेवलं. 'कारण' मी कुणालाच विचारलं नाही. मीही खडकाकडेच पाहत होतो.