बायका तुझं ऐकतील

घोटावड्यातून वकील झालेली मी पहिली मुलगी. त्याच सुमारास पुण्यातल्या चार-पाच लॉ फर्म एकत्र आल्या होत्या. घरात कुणी वकील नाही अशा खेड्यातल्या मुलामुलींना घ्यायचं, घडवायचं, असं त्यांनी मिळून ठरवलं होतं. माझी मुलाखत एका नामांकित वकीलबाईंनी घेतली. शुद्ध बोलण्याच्या नादात मी अडखळले, तर त्या हसून म्हणाल्या, "घरी बोलतेस तशीच बोल गं. सगळे वकील आमच्यासारखेच बोलणारे असून कसं चालेल?"

रडूच आलं मला.

वर्षभर त्यांच्याकडे होते. कोर्टात मात्र कुणी नेलं नाही. पाहुणे आले की मला पुढच्या खुर्चीत बसवायचे. "धीर धर," मॅडम म्हणायच्या. मी धरला.

एक दिवस म्हणाल्या, "चल, तुझ्याच भागात जायचंय. मारुंजीला. बायका तुझं ऐकतील."

काम काय ते गाडीत कळलं. आमचा पक्षकार बिल्डर. घोटावड्यातली एक जमीन तो घेत होता, आणि विकणाऱ्या भावांच्या बहिणीचं हक्कसोडपत्र हवं होतं. ती बहीण आमच्याच आळीतली, मारुंजीत दिलेली. मी तिला आत्या म्हणत मोठी झाले.

आत्यानं चहा दिला. मॅडम म्हणाल्या, "काही नाही हो मावशी, नुसती एक सही."

आत्या माझ्याकडे वळली. "तू सांग. सही केली म्हंजी काय व्हतंय?"

मॅडमनी मला मान हलवून खुणावलं. मी म्हणाले, "आत्या, कायद्यानं भावाइतकाच तुझाबी वाटा हाय. सही केलीस की तो गेला. सोडायचा आसंल तर सोड, पर नुसती सही न्हाई ही."

"मंग इचार करू दे," आत्या म्हणाली.

परतताना मॅडमनी गाडीची काच वर केली. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुला कशासाठी घेतलं होतं असं वाटलं तुला?"

महिनाअखेरीस मला यायचं बंद करायला सांगितलं. मी त्या गटातल्या दुसऱ्या फर्मकडे गेले. तिथले वकील नजर चुकवत म्हणाले, "मॅडमशी बोलणं झालंय आमचं." तिसरीकडेही तेच. त्यांची एकजूट मला तेव्हा कळली.

आत्यानं शेवटी सही केली. भाऊ म्हणाले होते, माहेर बंद होईल.

मी शिवाजीनगर कोर्टात एकटीनं वकिली सुरू केली. दोनेक वर्षांनी सूस गावची एक मुलगी मला शोधत आली. तिची त्याच योजनेत निवड झाली होती. "मॅडम भाषणात तुमचं उदाहरण देतात," ती कौतुकानं म्हणाली. "त्यांनी तुम्हाला घडवलं म्हणून."

तिला कँटीनमध्ये बसवून मी सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं, आभार मानले, आणि सोमवारी तिथं रुजू झाली. तिला दुसरीकडे तरी कोण घेणार होतं?