मनुबाईंचा जबाब

पोलिसात एकतीस वर्षं काढली, भल्याभल्या गुंडांसमोर टरकलो नाही. पण कोपरीच्या मनुबाईंसमोर हरलो, हे कबूल करतो.

एक्क्याण्णव साल. मनुबाई मासळी विकायच्या. नवरा गेलेला, दामाजी आणि नाथा हे दोन मुलगे. थोरल्या दामाजीने रिव्हॉल्व्हरच्या परवान्याचा अर्ज केलेला. खाडीकाठची जागा बिल्डरला देत नाही म्हणून कुणीतरी त्याची होडी फोडलेली, घरी धमक्या येत होत्या. त्याच्या वर्तणुकीची चौकशी माझ्याकडे आली. तेव्हा नाक्यानाक्यावर हाच वाद. कुणी म्हणे, गुंडांकडे कट्टे आणि आपण काय झाडू घेऊन बसायचं? कुणी म्हणे, घराघरात पिस्तुलं आली तर पाण्याच्या नळावर मुडदे पडतील. मी पहिल्या बाजूचा, उघड सांगतो.

आळीत सगळे म्हणाले, "दामाजी? देवमाणूस!" कसला डोंबलाचा देवमाणूस! पण वाईटपणा कोण घेणार? शेवटी घरी गेलो. मनुबाई कोलंबी सोलत बसलेल्या.

म्हटलं, "दोन ओळी लिहितो, अंगठा द्या, झालं."

"काय लिवणार?"

"मुलगा शांत स्वभावाचा आहे."

त्या उठल्या आणि मला दारापाशी घेऊन गेल्या. फळीत हा खोल घाव! "शिमग्याला नाथावर कोयता फेकला. जेवणावरनं भांडण. नाथा वाकला म्हणून वाचला. दामाजीचं भ्याव खरं हाय सायेब, मला पण झोप नाय. पण राग आला का त्याला समोर कोण हाय ते दिसत नाय. बंदूक देऊ नका."

"अहो, उद्या त्यालाच कुणी मारलं तर?"

"तर जलमभर रडेन. पण एकाला मारून दुसरा फासावर गेला, तर कुणाकुणासाठी रडू?"

म्हटलं, तुमचं नाव घालत नाही, गुप्त माहिती म्हणून लिहितो.

"का? घाला नाव. आयशीनं अडवला, कळू दे त्याला."

अर्ज फेटाळला. दामाजीने आईशी बोलणं टाकलं. जेवायचा तिच्याच हातचं, पण निरोप बायकोमार्फत. आणि ही बाई काय करायची? तो दुरुस्त केलेल्या होडीवर निघाला की पाटी घेऊन दहा पावलं मागे. मारायचा तर माझ्यासमोर मारा, म्हणायची. धमक्या थांबेपर्यंत, दीड वर्षं! बापरे, आमच्या खात्यात असं संरक्षण कुणी दिलेलं मी पाहिलं नाही.

पंच्याण्णवला बंदरावर जाळ्यांवरून दोघा भावांची जुंपली. मी धावत पोचलो तोवर लोकांनी सोडवलेलं. नाथा ओठ फुटून घरी गेलेला. दामाजी होडीच्या काठावर बसलेला, स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत. मनुबाई बाजारातून तशाच आलेल्या. चार वर्षांनी तो त्यांच्याशी बोलला.

"आये, आज माझ्या कमरेला बंदूक असती ना, तर..."

"ठाऊक हाय रे," त्या म्हणाल्या. "चल ऊठ, आधी नाथाला बघू."