रोग सांगणारा लखीराम

लखीरामच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला. लखीरामच्या वाट्याला आले ते रोग, आणि तेही दुसऱ्यांचे. ते तो आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात आणून उतरवायचा.

आमचं गाव पुसदच्या रस्त्यावर, आणि त्याचा तांडा टेकडीपलीकडे कोसभर. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, बाजारात मराठी. तांड्यातल्या बायका आमच्या बाजारात कोंबड्या विकायला यायच्या तेव्हा मराठीत असा भाव करायच्या की आमची गिऱ्हाइकं हात जोडायची. पण दवाखान्याची पायरी चढली की त्यांची मराठी कुठं जायची कोण जाणे. ओढणी नाकापर्यंत, नजर जमिनीत. मग शेजारी उभा असलेला लखीराम लाल पागोटं सारखं करून घसा साफ करायचा.

मी हे आमच्या ओट्यावरून बघायचो. घर दवाखान्याला लागून, आणि खिडक्यांना पडदे नाहीत. मॅट्रिक होऊन नोकरीची वाट बघणाऱ्या माणसाला याहून बरी करमणूक आमच्या गावात नव्हती.

लखीरामचं एक पक्कं मत होतं. साधा रोग सांगितला की साधं औषध मिळतं. "कोसभर चालत यायचं अन् दोन पांढऱ्या गोया घेऊन परत जायचं? तांड्यात लोक हासन ना बापा," असं तो मला म्हणाला होता. म्हणून तो रोगाला थोडा मसाला लावायचा. पोट दुखत असलं तर त्याच्या तोंडी ते जळायचं, जळत असलं तर त्यातून ज्वाळा निघायच्या. बोलता बोलता तो स्वतःचं पोट धरून वाकायचा, डोळे फिरवायचा. खरा रोगी बाजूला उभा राहून कौतुकानं बघत असायचा.

डॉक्टर पुण्याकडून नवे आले होते. त्यांनी पहिल्या थंडीत लखीरामवर सोळा आणे विश्वास ठेवला. तांड्यातल्या एका गड्यानं रात्री शेतात पोट फुटेस्तोवर हुरडा खाल्ला आणि सकाळपासून डबा घेऊन पळत होता. लखीरामनं ते असं रंगवलं की डॉक्टरांनी पटकीची साथ आली म्हणून पुसदला निरोप धाडला. जीप आली, विहिरीत औषध पडलं, आणि अख्ख्या तांड्याला रांगेत उभं करून टोचण्यात आलं. हुरडा खाणारा गडी दुपारपर्यंत बरा होऊन रांग बघायला आला होता. त्यालाही टोचलं. त्यानंतर आठवडाभर तांड्यात कोणाचा दंड वर होत नव्हता आणि लखीरामला कोणी चहाला बोलवत नव्हतं.

तेव्हापासून डॉक्टरांनी आपला हिशेब ठरवला. "पंजाबराव, लखीराम सांगेल त्यातले चार आणे धरायचे," ते कंपाउंडरला म्हणाले. हिशेब छान जमला. लखीराम आग सांगायचा, डॉक्टर ऊब समजायचे. तो म्हणाला रोगी मरायला टेकला, की डॉक्टर म्हणायचे सर्दी आहे. दोघेही एकमेकांवर खूश होते. त्या वर्षी जमनी नावाच्या तरण्या पोरीला घेऊन तो तीनदा आला. दर वेळी तिच्या पोटातली आग मस्तकातून निघत होती आणि तीन दिवस तिच्या घशाखाली पाण्याचा थेंब उतरला नव्हता. हे चाललं असताना जमनी माठाजवळ उभी राहून गटागटा पाणी पीत होती. डॉक्टरांनी चार आणे धरले आणि तिन्ही वेळा गुलाबी औषध दिलं.

एका माणसाचा रोग मात्र लखीरामनं कधी आणला नव्हता. स्वतःचा.

कापसाचे दिवस होते. लखीराम सकाळी दोन म्हाताऱ्यांना घेऊन आला. एकीचा गुडघा आणि दुसरीचा खोकला त्यानं नेहमीसारखाच उभा केला, फक्त वाकला नाही. वाकायच्या जागी भिंतीला टेकला. म्हाताऱ्या औषध घेऊन निघाल्यावर हळूच म्हणाला, "अन् साहेब, माह्यं बी जरासं पोट. तसं काही नाई."

डॉक्टर हसले. "आज गोष्ट एवढी लहान कशी काय?"

"लहानच हाय जी."

आता 'जरासं'चे चार आणे किती होतात ते तुम्हीच काढा. डॉक्टरांनी काढले. पंजाबरावानं गुलाबी औषधाची बाटली भरून दिली आणि लखीराम बाहेर लिंबाखाली जाऊन बसला. म्हाताऱ्या "चाल ना बापू" म्हणत होत्या, तो "तुमी व्हा पुढं" म्हणत होता. त्यानं औषधाचा घोट घेतला, आणि तो घोट, सकाळची भाकर, सगळं लिंबाच्या बुंध्याशी आलं. मी ओट्यावरून उतरून पाणी दिलं. पाणी देताना त्याचा हात माठासारखा गार लागला.

"काय होते काका?"

"काही नाई. तू तुह्या जाग्यावर बस."

तेवढ्यात रस्त्यानं त्याची बायको हंसाबाई आली. तिला आम्ही दवाखान्यात कधी पाहिलं नव्हतं. सकाळी तो वाकडा चालत निघालेला तिनं पाहिला होता आणि वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्यांनी उरलेलं सांगितलं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, बुंध्याकडे पाहिलं.

"सांगतलं का?" ती म्हणाली.

"सांगतलं."

"काय सांगतलं?"

लखीराम लिंबाच्या फांद्या बघायला लागला. हंसाबाईनं हातातलं गाठोडं त्याच्या मांडीवर ठेवलं आणि एकटी पायऱ्या चढून थेट डॉक्टरांच्या टेबलापर्यंत गेली. खिडकीशी आम्ही सगळे गोळा झालो.

"साहेब, ह्यायचं पोट नोहे," ती म्हणाली. "जांघेत गाठ हाय. दोन सालापासून हाय. निजलं की आंदर जाते. काल गाडीत कापसाचं गाठोडं फेकलं, तवापासून गेली नाई. लिंबाएवढी होती, आता वांग्याएवढी झाली. हात लावू देत नाई. रातभर वकून राह्यले."

बाहेरून लखीरामचा बारीक आवाज आला. "तिले मराठी येत नाई, साहेब."

कोणी हसलं नाही, कारण डॉक्टर उठून उभे राहिले होते. तरी सवय वाईट असते. त्यांनी विचारलंच, "बाई, हे तुम्ही सांगताय, की लखीरामनं असं सांगायला सांगितलंय?"

"मीच सांगून राह्यली. माह्याजवळ मसाला नाई."

लखीरामला उचलूनच आत आणावं लागलं. टेबलावर निजला, पण धोतराची गाठ दोन्ही हातांनी धरून. "समदे पाहून राह्यले साहेब," तो म्हणाला. तोवर खिडकीत निम्मा बाजार आला होता.

"जमनीचं पोट तू याच सगळ्यांपुढं सांगितलंस ना?"

"थे जमनीचं होतं."

डॉक्टरांनी पंजाबरावाला खिडकी लावायला सांगितली. आमच्या आठवणीत ती खिडकी पहिल्यांदाच लागली. ती इतकी कुरकुरली की आतलं काही ऐकू आलं नाही. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. आतडं उतरून अडकलं होतं. आजच्या आज यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात कापलं तर माणूस राहील, उद्यावर गेलं तर आतडं सडेल. "आणि मी त्याला पेपरमिंट पाजलं," ते पंजाबरावाला म्हणाले. पंजाबराव बाटल्या पुसायला लागला.

एस.टी. निघून गेली होती. रस्त्यावर कापसाचा एक ट्रक यवतमाळकडे तोंड करून उभा होता. ड्रायव्हर चहा पीत होता. डॉक्टरांनी त्याला अर्ध्या कपावरून उठवलं. सहा जणांनी लखीरामला वर कापसावर चढवलं. हंसाबाई शेजारी बसली, डॉक्टर स्वतः केबिनमध्ये. ज्याच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या ओझी वाहिली तो पहिल्यांदा ओझं होऊन निघाला, आणि तेही पांढऱ्याशुभ्र गादीवर. ट्रक हलला तेव्हा तो वरून मला काहीतरी सांगत होता. हंसाबाईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

वाचला तो. डॉक्टर दुसऱ्या दिवशी एस.टी.नं परत आले, दाढी वाढलेली, लखीरामला उतरवताना चिकटलेला कापूस अंगावर तसाच. विचारलं तर एवढंच म्हणाले, "वेळेत पोचलो." मग टेबलासमोर लखीरामचं उभं राहायचं ठिकाण होतं, तिथं त्यांनी पंजाबरावाला एक स्टूल ठेवायला सांगितलं. स्टुलावर रोगी बसेल, दुसरं कोणी नाही.

महिन्याभरानं लखीराम परत आला. ओझं उचलायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. पण त्याची खरी पंचाईत निराळीच होती. सगळ्या तांड्याचे रोग त्यानं चव्हाट्यावर मांडले होते, आता त्याचा एकच रोग सगळा तांडा मांडत होता. बाजारातल्या बायका वांगी विकत घेताना एक उचलून एकमेकींना दाखवायच्या. लखीराम बाजाराच्या दिवशी गावात फिरकायचा नाही.

पुढच्या खेपेला तो जमनीबरोबर आला, मागं हंसाबाई. सवयीनं आत शिरला, घसा साफ केला, म्हणाला, "साहेब, हिच्या पोटात..." आणि त्याला स्टूल दिसलं. जमनी त्यावर बसली होती.

"जमने," डॉक्टर म्हणाले, "कुठं दुखतं तिथं हात ठेव."

जमनीनं ओढणी सारखी केली, हंसाबाईकडे पाहिलं, लखीरामकडे पाहिलं, आणि हात मागे नेऊन कमरेवर ठेवला.

"पोट?" लखीराम म्हणाला.

"पोट कधी दुखलंच नाई, काका."

"मंग तीन खेपा बोलली काहून नाई?"

"तुमी इतकं चांगलं सांगून राह्यले होते," जमनी म्हणाली. "मधात कायले बोलू?"

डॉक्टरांनी पंजाबरावाकडे पाहिलं. पंजाबरावानं हातात आपोआप घेतलेली गुलाबी औषधाची बाटली परत फळीवर ठेवली. लखीराम बाहेर येऊन माझ्याजवळ ओट्यावर बसला. लाल पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"बाबू," तो म्हणाला, "तुह्या इथून आंदरचं ऐकू येते का चांगलं?"

मी सरकून त्याला जागा दिली.