उजवीकडची सीट

कोऱ्या लेदरचा वास आला की मला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या एका शोरूममधली दुपार आठवते, कारण आई गेल्यावर बाबांनी त्यांची जुनी कॉर्व्हेट स्पोर्ट्स कार विकून टाकली होती आणि ते घराबाहेरच पडेनात, म्हणून मी त्यांना नव्या मॉडेलच्या टेस्ट ड्राइव्हला ओढून नेलं होतं. जुनी गाडी थेट अमेरिकेहून आणलेली, स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे आई कायम बाबांच्या उजवीकडे बसायची आणि म्हणायची, "अहो, उजवीकडे बसवलंयत तर आता सत्यनारायण तरी घाला." नव्या गाडीत इंजिन मागे गेलं होतं, बाबांनी सवयीने पुढचं बॉनेट उघडायला लावलं, तर आत नुसती बॅग ठेवायची जागा. ते त्या रिकाम्या खड्ड्याकडे बराच वेळ बघत राहिले. स्टिअरिंग मात्र इथल्यासारखं उजवीकडे होतं. सेल्समनने किल्ली दिली तेव्हा बाबांनी उजवं दार उघडलं आणि आत न बसता ते धरून उभे राहिले, आईसाठी धरायचे तसे. मी म्हटलं, "बाबा, ती ड्रायव्हरची सीट आहे. तुमचीच." "मग ती कुठे बसायची?" त्यांनी विचारलं, आणि दार हळूच लावून ते माझ्या गाडीत जाऊन डावीकडे बसले. त्यानंतर त्यांनी कधीच गाडी चालवली नाही. आता बाबाही नाहीत, ती डावी सीटही रिकामी असते, आणि सिग्नलला थांबलो की मी उजवीकडे, आईच्या बाजूला बघतो; तिथे नुसती काच असते.