दुपारनंतरचं पाणी

वृद्धाश्रम चांगला की वाईट हे तिथली फरशी बघून ठरवणाऱ्या माणसांचा मला संताप येतो. माझ्या मावसभावाने फरशीचं कौतुक फोनवर इतक्यांदा ऐकवलं, की मला वाटलं, याची आई त्या फरशीवरच निजणार आहे. ग्रॅनाइट आहे म्हणाला, संडासात दोन्ही बाजूंना धरायला दांडे आहेत, आवारात कॅमेरे आहेत, आठवड्यातून एकदा डॉक्टर येतात. शिवाय मोबाइलवर त्यांचा ग्रूप आहे, त्यावर रोज फोटो टाकतात. झालं. एवढ्यावर त्याने तो वृद्धाश्रम पास करून टाकला.

तेव्हा मी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला होते. मावशी पूर्णगडला एकटी राहायची. तिने आयुष्यभर मासळी विकली, आणि पाय थकल्यावर अंगणात सुकवून घरूनच विकली. त्याच अंगणात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, वॉकर धरून ती चार पावलं टाकायलाही लागली. पण एकटीने राहणं शक्य नव्हतं, आणि मुलाची मुंबईतली खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून रत्नागिरीच्या बाहेर, सड्यावरच्या उघड्या कातळमाळावर नव्याने बांधलेल्या त्या वृद्धाश्रमात त्याने तिला ठेवलं. त्याच्या अडचणी खऱ्या होत्या, त्यावर मी काही बोलत नाही.

रत्नागिरीला परत आल्यावर मी तिला भेटायला गेले. भेटीची वेळ दुपारी चार ते सहा, आणि आधी फोन करून यायचं, असा नियम. मी नियमाने गेले. व्यवस्थापक बाई दारातच हसत उभ्या होत्या. खरंच सगळं स्वच्छ होतं. मावशीचे केस विंचरलेले, तोंडाला पावडर लावलेली, अंगावर इस्त्रीचं पातळ. पावडर लावलेली मावशी मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

"कशाला गो बाय एवढ्या उन्हाची आलीस?" ती म्हणाली. मग मुलीचं विचारलं, बाळाचं विचारलं, बाळ कुणासारखं दिसतं ते विचारलं, पुण्यात ताजी मासळी मिळते का तेही विचारलं. सगळं विचारलं, पण पाणी विचारलं नाही.

आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी देतात आणि मग कशाला आलात ते विचारतात. मावशी तर यात भारी कडक. विजेचं बिल थकलं म्हणून कनेक्शन तोडायला आलेल्या माणसालाही तिने आधी ओटीवर बसवून गूळ-पाणी दिलं होतं. तो बिचारा ते पिऊन ओशाळा झाला आणि पक्कड पिशवीत घालून निघून गेला. अशी ही बाई, आणि तिची भाची उन्हातून येऊन समोर बसली आहे, तरी ती नजर चुकवून खिडकीकडे बघते. वय झालं, विसरली असेल, असं दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं. मी नाही म्हटलं. ज्या बाईला बाळाच्या नाकाची चौकशी आठवते, ती पाणी विसरत नाही.

मी खाटेशेजारच्या टेबलाकडे बघितलं. त्यावर फुलदाणी होती, देवाची तसबीर होती. तांब्या नव्हता, भांडंही नव्हतं. मग मी मावशीच्या ओठांकडे नीट बघितलं. पावडरीच्या खाली ते सुकून फुटले होते.

"मावशी, पाणी कुठे असतं तुझं?"

"तान नाय लागत गो आता," ती म्हणाली.

माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. मी ती पुढे केली. तिने आधी दाराकडे बघितलं. मग बाटली दोन्ही हातांनी धरली आणि मध्ये श्वास न घेता निम्म्याहून जास्त रिकामी केली. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाईने स्टीलचा पेला पुढे केला. तो पेला तिने उशीखाली लपवून ठेवलेला होता. उरलेलं पाणी मी त्यात ओतलं. ते पिऊन झाल्यावर तिनेच हळू आवाजात सांगितलं, की दुपारची जेवणं झाली की मुली सगळे तांबे उचलून नेतात, ते पुन्हा सकाळी येतात. संध्याकाळी गोळ्यांपुरतं घोटभर पाणी मिळतं.

माझं डोकं फिरलं. मी सरळ व्यवस्थापक बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी नाकारलंही नाही, याचाच मला जास्त राग आला. एखादी घरगुती युक्ती सांगावी तसं त्यांनी समजावून सांगितलं. "ताई, दुपारनंतर पाणी जास्त झालं की आजी-आजोबा रात्री अंथरूण ओलं करतात. रात्रीला दोनच मुली असतात, त्या किती जणांचं बदलणार? ओल्यात पडून राहण्यापेक्षा हे त्यांच्याच सोयीचं आहे. आणि तुमच्या मावशींनी तर कधी पाणी मागितलंच नाही."

"तिला लघवीचा संसर्ग झाला होता ना, दोनदा?" मी विचारलं. तिच्या मुलाने मला फोनवर सांगितलं होतं. तेव्हा ती दोन दिवस असंबद्ध बोलत होती, मुलालाच भाऊ समजत होती.

"या वयात होतंच ते," बाई म्हणाल्या.

पाणी काढून घ्यायचं, त्याने माणूस आजारी पडलं की ते वयाच्या नावावर घालायचं. वय बिचारं काही बोलत नाही. मी आवाज चढवला, तशा त्या उठल्या आणि मला घेऊन मावशीच्या खाटेपाशी आल्या. वाकून गोड आवाजात विचारलं, "आजी, पाणी मिळतं ना तुम्हाला?"

मावशीने हात जोडले. "मिळता हो. सगळा मिळता. चांगला बघतात."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. ज्या घरचं खाल्लं त्या घराला नाव ठेवायचं नाही, हे आमच्या बायकांच्या हाडात मुरलेलं. मीठ कमी पडलं तरी बोलायचं नाही, मग पाण्याचं काय घेऊन बसलात. त्यात, जिच्या हातून रोज जेवायचं, जी धरून संडासला नेते, तिच्याच तोंडावर तिची तक्रार करायची? असला प्रश्न विचारणं म्हणजे चौकशी नव्हे, दमदाटी आहे, मग आवाज कितीही गोड असो. उत्तर काय येणार हे त्या बाईंना पक्कं ठाऊक होतं. मला त्यांचा राग आला, आणि खोटं कशाला बोलू, हात जोडणाऱ्या मावशीचाही आला.

घरी येऊन मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, तू उगाच डोक्यात राख घालून घेतेस. तिथे कॅमेरे आहेत. आणि आई स्वतः म्हणते, छान आहे."

"कॅमेऱ्यात तहान दिसते का रे?" मी म्हटलं.

माझी सगळी नोकरी तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत झाली. रेशन दुकानांच्या तपासणीला साहेबांबरोबर मी पुष्कळ हिंडले आहे. आधी कळवून गेलं की काटा बरोबर असतो, भावफलक नवा असतो आणि दुकानदार चहा मागवतो. खरं काय ते बघायचं तर न सांगता जायचं आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत हात घालायचा. मी भावाला सांगितलं, रविवारी ये, तिथे कळवू नकोस, भेटीच्या वेळेला जायचं नाही. तो कुरकुर करत का होईना, आला.

आम्ही जेवणं उरकल्यावर पोचलो. फाटकावर वॉचमनने अडवलं. विश्रांतीची वेळ आहे, आत्ता सोडता येणार नाही म्हणाला. "माझी आई आहे आत," भाऊ म्हणाला, तरी तो हलेना. तेव्हा मात्र भावाचा आवाज चढला. एरवी तो फार मऊ माणूस. आईला भेटायला परवानगी लागते, हे त्याला फरशी बघताना कुणी सांगितलं नसावं. शेवटी वॉचमन बाजूला झाला.

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आत कट्ट्यावर तांबे रांगेने उपडे घातलेले, धुऊन लख्ख. भाऊ तिथेच थांबला. मग आईच्या खोलीत गेला. ती जागी होती, पावडर नव्हती, जिभेने ओठ ओले करायचा प्रयत्न करत होती. त्याने तिच्या खाटेखालची पिशवी ओढली आणि तिची पातळं भरायला लागला.

निघताना मावशीने व्यवस्थापक बाईंना वाकून नमस्कार केला. "फार केलात माझा," म्हणाली. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघा, आजींची काहीच तक्रार नाही." मी तोंड उघडणार, तेवढ्यात भावाने माझा दंड धरला आणि मला रिक्षात बसवलं.

पुढे मी रीतसर तक्रार दिली. तपासायला माणसंही आली. वृद्धाश्रमाला आधी कळवून आली. त्या दिवशी प्रत्येक टेबलावर भरलेला तांब्या होता, असं मला पलीकडच्या खाटेवरच्या त्या बाईंच्या सुनेकडून कळलं. तपासणारे समाधानाने परत गेले. तिच्या सासूबाई अजून तिथेच आहेत. त्यांच्या पेल्याची मला रोज आठवण येते आणि रोज नव्याने राग येतो.

मावशी आता माझ्याकडे आहे. अंथरूण ओलं होतं, चादरी धुवाव्या लागतात, माझी कंबर धरते. पण लघवीचा त्रास गेला, बोलणं ताळ्यावर आलं, आणि माझ्या कालवणाला नावं ठेवण्याइतकी ती सुधारली. वृद्धाश्रमाबद्दल मात्र चकार शब्द नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "चांगला होता. हिनेच आणला मला." मी वैतागायचे. एकदा तर तिला सुनावलं, तुझ्यासारख्या गप्प बसतात म्हणून त्यांचं फावतं.

परवा एक फोन आला. चिपळूणकडची कुणी बाई होती, भावाच्या ओळखीतून माझा नंबर मिळालेला. आईला त्या वृद्धाश्रमात ठेवायचं म्हणत होती. "फोटो छान आहेत हो. फरशी वगैरे अगदी स्वच्छ दिसते. तुमचा अनुभव कसा?" फरशी ऐकल्याबरोबर माझा पारा चढला. मी सुरू करणार, तर मावशीने खाटेवरून हात पुढे केला. फोन मागत होती. मला वाटलं, आता ही पुन्हा चांगला होता म्हणणार. तरी मी दिला.

"आय हाय काय तुझी?" मावशीने विचारलं. "ती मागून घेनारी हाय काय?"

पलीकडून काही उत्तर आलं असावं.

"नाय ना? मग नको ठेवू तिला तिथे. मागितल्याबिगर पानी देत नाय तिथे."

तिने फोन मला परत दिला. पलीकडची बाई हॅलो हॅलो करत होती. मावशीने माझ्याकडे बघितलं नाही.

"आनि मागितला तर पोरी खेकसतात," ती म्हणाली. "मी मागितला होता गो. रोज मागत होते."