भिंग पुसणारे काटेकाका

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या म्हाताऱ्याला सारी गल्ली काटेकाका म्हणे. वय अडुसष्ट, दुकान दोन हात रुंद, आणि चाळीस वर्षं भिंग लावायचं ते उजव्याच डोळ्याला. महिनाभर त्यांचं उजवं कानशील ठणकत होतं. गोळी घेतली की तासभर बरं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

"बारीक काम आहे, डोकं दुखायचंच," काका म्हणत. कंगवा लागला तरी डोक्याची कातडी हुळहुळायची. घास चावताना जबडा भरून यायचा. त्याचं खापर त्यांनी कवळीवर फोडलं.

एका सकाळी भिंगापुढे करडा पडदा आला. काकांनी भिंग पुसलं, फुंकर मारून पुन्हा पुसलं. पाच मिनिटांत स्वच्छ दिसू लागलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा त्यांनी सरळ नवं भिंग आणलं.

तिसऱ्यांदा पडदा आला तेव्हा सून डबा घेऊन समोर उभी होती. "पुन्हा पडदा आला," असं पुटपुटत काका भिंग पुसत राहिले.

"बाबा, किती पुसाल? आणि भिंग हातात असताना पडदा कसा दिसतोय तुम्हाला?"

काका चपापले. त्यांनी डावा डोळा झाकून पाहिलं. सुनेचा चेहरा अर्धाच दिसत होता.

"चला डॉक्टरांकडे."

"हे घड्याळ संध्याकाळी द्यायचंय गं."

"घड्याळ बंद पडलं तर तुम्ही आहात. डोळा बंद पडला तर कोण आहे?"

डॉक्टरीणबाईंनी कानशिलावर बोट ठेवलं. तिथली शीर दोरीसारखी ताठ लागली.

"चावताना जबडा दमतो?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"या शिरेनं. डोकेदुखी कधी रक्तदाबाची असते, कधी चष्म्याची, कधी तर रोज घेतलेल्या गोळ्यांचीच. तुमच्या शिरेला सूज आलेली दिसतेय. डोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तर गेलेली नजर परत येत नाही."

"मग आधी तपासण्या करतो, औषधाला नंतर येतो."

"तपासण्या होतीलच, शिरेचा तुकडाही तपासू. पण औषध आत्ता, इथेच."

चार दिवसांत ठणका थांबला. डावा डोळा शाबूत राहिला. उजव्यात खालच्या बाजूला करडा डाग उरला तो उरलाच. काकांनी भिंग डाव्या डोळ्याला लावायला सुरुवात केली. स्क्रू चिमट्यातून निसटत, अंतराचा अंदाज चुकत असे. एक छोटं घड्याळ जोडायला अख्खा आठवडा गेला.

"काका, फार दिवस लावलेत!" गिऱ्हाईक कुरकुरलं.

"अहो, हा डोळा नवशिका आहे," काका म्हणाले, "सांभाळून घ्या."